शुभार्थी आणि शुभंकर

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजचा घाट आहे. मराठी भाषेने ह्या घाटाला एक अर्थ कायमचा जोडून दिला आहे. एखाद्याची फसगत करून त्याला भलत्याच वाटेला लावले, की 'कात्रजचा घाट दाखविला' असे आपण म्हणतो. त्यामागची आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. १६६३ च्या एप्रिलात शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाएस्तेखानावर छापा घातला. पाठलागावर येणाऱ्या मोगली फौजेला चकविण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते पेटविण्यात आले. फौज त्या उजेडामागे घाट चढत गेली आणि महाराज दुसऱ्याच वाटेने सिंहगडाकडे निघून गेले.

आम्ही ह्या घाटाच्या पायथ्याशी राहतो. मनाच्या आजाराचे स्वरूप कोणी विचारले, तर हीच आख्यायिका सांगावी असे आम्हांस वाटते. फौजेला दिसलेला उजेड खोटा नव्हता. पलिते खरेच पेटलेले होते. त्यांच्याखाली माणसे मात्र नव्हती, बैल होते. मन आजारी पडते तेव्हा भीती खरी असते, दुःख खरे असते, कानांवर येणारे शब्दही ऐकणाऱ्याला खरेच ऐकू येतात. आम्ही आयुष्यात दोनदा अशा उजेडामागे धावत गेलो. दोन्ही वेळा रुग्णालयात राहून परत आलो. आजही रात्री झोपण्यापूर्वी एक गोळी घेतो आणि दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाऊन बसतो. बरे झालो, असे आम्ही म्हणत नाही. बरे होत आहोत, असे म्हणतो.

गेली काही वर्षे आठवड्यातून तीन दिवस आम्ही शहराच्या ह्याच टोकाकडील एका लहानशा दिवस-केंद्रात कामाला जातो. दीर्घकाळ मानसिक आजार असलेली वीस-बावीस माणसे तेथे सकाळी येतात आणि संध्याकाळी घरी जातात. कागदी पिशव्या करणे, भाजी निवडणे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे, गटात बसून बोलणे असा दिवस जातो. पुण्यातील अशा स्वमदत गटांत 'रुग्ण' ह्या शब्दाऐवजी 'शुभार्थी' आणि त्याचा सांभाळ करणाऱ्यासाठी 'शुभंकर' असे दोन शब्द रूढ झाले आहेत. शब्द सुंदर आहेत. परंतु ते एकमेकांसमोर दोन खुर्च्या मांडतात, आणि आमच्यासारख्याने कोणत्या खुर्चीत बसावे, हा प्रश्न उभा राहतो.

तो प्रश्न आमच्यापुढे प्रथम ठेवला एका आईने. तिची मुलगी नुकतीच केंद्रात येऊ लागली होती. पहिल्याच आठवड्यात त्या बाईंनी आम्हांला व्हरांड्यात गाठले.

"दादा, तुम्ही डॉक्टर का?"

"नाही, ताई."

"मग समाजसेवेचं काही शिकलात?"

"थोडं प्रशिक्षण घेतलंय. पण खरं सांगायचं, तर तुमची मुलगी बसते ना, तिथं आम्हीही बसलो होतो."

बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयात जाऊन विनंती केली, की आपल्या मुलीला त्यांच्या गटात बसवू नये. "स्वतःलाच बरं नाही, ते माझ्या पोरीला काय सांभाळणार?" असे त्या म्हणाल्याचे आम्हांला कळले. राग आला. पुष्कळ वेळाने राग ओसरला तेव्हा लक्षात आले, की बाईंनी आमचा अपमान केलेला नव्हता. त्यांनी एक नैतिक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. ज्याचे स्वतःचे मन अद्याप सावरत आहे, त्याने दुसऱ्याच्या मनाचा भार उचलावा काय? उचलला तर तो कोणाच्या भल्यासाठी?

इतिहासाकडे पाहिले तर ह्या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी दिले गेल्याचे दिसते. सोळाव्या शतकात स्पेनमधील ग्रॅनडा शहरी एक पोर्तुगीज पुस्तकविक्रेता राहत होता. पूर्वी तो शिपाई होता. आविलाच्या संत जॉनचे प्रवचन ऐकून तो इतका हेलावला, की रस्त्यावर केस उपटीत, ओरडत फिरू लागला. लोकांनी त्याला राजाच्या रुग्णालयात वेड्यांच्या विभागात कोंडले. त्या काळच्या रीतीप्रमाणे वेडावर उपचार म्हणजे चाबूक. तो त्याने सोसला आणि तेथेच निश्चय केला, की आपले स्वतःचे एक रुग्णालय असावे आणि तेथे गरिबांना व वेड्यांना मायेने वागवावे. हाच संत जॉन ऑफ गॉड. १५५० साली तो निवर्तला. आज ख्रिस्तसभा त्याला रुग्णांचा व रुग्णालयांचा आश्रयदाता मानते. त्याची ती अवस्था आजार होती की आत्म्याची तळमळ, ह्यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. चाबूक खरा होता, आणि चाबूक कसा लागतो हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

अडीच शतकांनंतर पॅरिसमधील बिसेत्र रुग्णालयात झां-बाप्तिस्त प्युसँ नावाचा अधीक्षक होता. तो स्वतः गंडमाळेचा रुग्ण म्हणून तेथे दाखल झाला होता व बरा झाल्यावर तेथेच नोकरीस राहिला होता. वेड्यांची देखभाल करणारे सेवक तो शक्यतो बऱ्या झालेल्या रुग्णांतून निवडी, कारण अशी माणसे मारहाण करीत नसत. १७९३ साली तेथे आलेल्या फिलिप पिनेल ह्या प्रसिद्ध वैद्याने ही पद्धत पाहिली आणि तिची वाखाणणी केली. अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्स ह्या तरुणाने वेड्यांच्या इस्पितळांत काढलेल्या दिवसांची हकिकत १९०८ साली प्रसिद्ध केली, आणि तिच्यातूनच तेथील मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली.

पुण्याला ह्यासाठी इतके दूर जावयाचेही कारण नाही. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट ह्या दाम्पत्याने ते उभारले, आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांनी त्यासाठी मदतीचा हात पुढे केला. एकेकाळी रुग्ण म्हणून तेथे आलेली कितीतरी माणसे पुढे तेथलीच कार्यकर्ती झाली. १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था पुण्यात स्थापन झाली. डॉ. वाणी कॅनडातील विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता, आणि घरातील अनुभवातूनच ते ह्या कामाकडे वळले. १९९९ साली भार्गवी दावर ह्यांनी पुण्यातच बापू ट्रस्ट स्थापन केला. संस्थेला दिलेले नाव त्यांच्या आईचे. आईची मनोरुग्णालयांतील फरफट त्यांनी लहानपणी पाहिली होती. २०२४ साली त्यांचे निधन झाले. तत्त्वज्ञान शिकलेल्या ह्या बाई स्वतःलाही त्या व्यवस्थेतून तगून निघालेल्यांपैकी एक म्हणवीत, आणि ज्याचे मन आहे त्याचा शब्द प्रथम ऐकला पाहिजे, असा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला.

हे सारे दाखले आम्ही त्या बाईंपुढे ठेवू शकलो असतो. पण दाखल्यांनी प्रश्न मिटत नाही. संतांच्या आणि संस्थापकांच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचतात, कारण त्या तडीस गेल्या. जे मध्येच कोसळले, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. तेव्हा बाईंच्या आक्षेपाकडे सरळ पाहिले पाहिजे. त्याचे तीन पदर आहेत.

पहिला पदर असा, की सोसणे म्हणजे जाणणे नव्हे. हे आम्हांला मान्य आहे, आणि आम्ही ते चूक करून शिकलो. एक तरुण शुभार्थी गोळ्या घ्यावयास तयार नव्हता. आम्ही उत्साहाने आमची कहाणी सांगू लागलो: आम्हांलाही असेच वाटत होते, मग आम्ही असे केले, मग तसे झाले. तो शांतपणे म्हणाला, "ते तुमचं झालं, काका. माझं कुठे विचारलंत?" गोळीने त्याचे हात कापत होते आणि त्याला चित्रे काढावयाची असत. हे आम्हांला ठाऊकच नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. आमच्या वेदनेने आम्हांला त्याच्या दारापर्यंत आणून सोडले होते; दार उघडावयाचे त्याच्या मर्जीवर होते. जखम हे काही पदवीपत्र नव्हे. तिच्यामुळे एवढेच होते, की समोरचा बोलू लागला तर आपण दचकत नाही.

दुसरा पदर अधिक नाजूक आहे. असा माणूस दुसऱ्याची सेवा करतो, की सेवेच्या निमित्ताने स्वतःचेच औषध शोधतो? येथे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या जन्माची गोष्ट आठवते. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ ओहायोतील अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले, हॉटेलातील मद्यालयाचा आवाज कानी पडत होता. आता आपण पिणार, असे भय वाटून त्याने फोनवर फोन करून दुसऱ्या एका दारुड्याचा शोध घेतला. तो दुसरा म्हणजे डॉक्टर बॉब स्मिथ. बॉबला उपदेश करावा म्हणून बिल त्याच्याकडे गेला नव्हता. स्वतः तगावे म्हणून गेला होता, आणि तसे त्याने सांगूनही टाकले. त्या प्रांजळपणामुळेच बॉबने त्याचे ऐकले.

ह्यावरून आम्हांस असे वाटते, की सेवेत स्वतःची गरज मिसळलेली असणे हा दोष नव्हे. निर्मळ, निरपेक्ष सेवा करतो असे म्हणणारा डॉक्टर, परिचारिका, धर्मगुरू वा शिक्षक ह्यांच्याही सेवेत थोडी स्वतःची गरज असतेच: कोणाला मान हवा असतो, कोणाला आपण उपयोगी आहोत एवढे ऐकावयाचे असते. दोष सुरू होतो तो ती गरज लपविली म्हणजे, किंवा समोरच्याने बरे होणे हे आपल्या बरे राहण्याची अट झाले म्हणजे. ज्या दिवशी शुभार्थीची निराशा आम्हांला त्याच्यासाठी वाईट वाटण्याऐवजी आमच्यासाठी धोक्याची वाटू लागेल, त्या दिवशी आम्ही त्याचे उपयोगाचे राहिलो नाही.

आणि तसा दिवस आला. हाच आक्षेपाचा तिसरा पदर: आजार उलटला तर? व्यसनातून सुटलेल्याचा पाय घसरला तर तो बहुधा त्याला स्वतःला कळतो. मनाच्या आजारात, ज्या चष्म्यातून पाहावयाचे त्याचीच काच गढूळ होते. एका पावसाळ्यात आमची झोप उडाली. चार रात्री जेमतेम दोन-दोन तास डोळा लागला. ही आमच्या आजाराची पहिली खूण आहे, हे आम्ही गटात इतरांना शिकवीत होतो. तरीही कोणाला सांगितले नाही. कारण स्पष्ट होते: सांगितले तर त्या बाई खऱ्या ठरतील. पाचव्या दिवशी गटात एक मुलगा सांगू लागला, की स्वारगेटहून येताना बसमधील माणसे आपल्याविषयी कुजबुजत होती. आम्ही त्याचे वाक्य मध्येच तोडले, हसून विषय बदलला आणि पुढच्याकडे वळलो. तो गप्प झाला. त्याचे बोलणे ऐकवत नव्हते, कारण ते फार ओळखीचे वाटत होते.

एका सहकारी बाईंनी ते पाहिले. दुपारी डबा उघडताना त्यांनी एवढेच विचारले, "झोप लागते का?" उत्तर द्यावयास आम्हांला बराच वेळ लागला. त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि तीन आठवडे कामावर गेलो नाही. त्या मुलाची क्षमा मागितली ती परत आल्यावर. त्या एका दुपारी त्याचे जे नुकसान झाले, त्याची जबाबदारी आमच्या आजारावर ढकलता येणार नाही. झोप जाणे हा आजार होता. ते लपविणे ही आमची निवड होती.

यहुदी परंपरेच्या तालमूद ग्रंथात एक कथा आहे. मसीहा कोठे सापडेल, असे एकाने विचारले. उत्तर मिळाले, की तो नगराच्या वेशीपाशी जखमी गरिबांत बसलेला आहे. इतर जण आपल्या सगळ्या जखमा एकदम उघडतात आणि मग बांधतात. तो मात्र एका वेळी एकच जखम सोडतो व बांधतो, न जाणो कोणी हाक मारली तर उशीर होऊ नये. हेन्री नौवेन ह्या डच धर्मगुरूने १९७२ साली 'द वुंडेड हीलर' ह्या पुस्तकात ही कथा सांगितली आणि जखमी शुश्रूषकाची कल्पना ख्रिस्ती जगात घरोघरी पोहोचली. ह्या कथेत दोन गोष्टी एकत्र आहेत. तो जखमी आहे हे त्याने लपविलेले नाही, आणि स्वतःची मलमपट्टी करणे त्याने थांबविलेलेही नाही. नौवेनची स्वतःची कथा ह्याहून बोलकी आहे. पुस्तक लिहिल्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८७ च्या अखेरीस, ते स्वतः खोल मानसिक संकटात सापडले. टोरांटोजवळच्या ज्या वस्तीत ते मतिमंद बांधवांसोबत राहून सेवा करीत होते, ती सोडून त्यांना काही महिने उपचारांसाठी दूर राहावे लागले. मग ते त्याच वस्तीत परतले आणि १९९६ साली मृत्यू येईपर्यंत तेथलेच राहिले. जखमेविषयी उत्तम पुस्तक लिहिले म्हणून जखम चुकली नाही. आणि मध्ये थांबावे लागले म्हणून त्यांची सेवा खोटीही ठरली नाही.

तेव्हा आमचे उत्तर असे आहे. सावरत असलेल्याने हे काम करावे, परंतु एकट्याच्या भरवशावर करू नये. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येणार नाही अशी वेळ येऊ शकते, हे ज्याने मान्य केले, त्याने दुसऱ्याचे डोळे आधीच मागून ठेवावेत. आपल्या कायद्यातही ह्याला एक सुंदर आधार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार कोणाही सज्ञान व्यक्तीला, आपण पुढे आजारी पडलो तर कसे उपचार करावेत व कसे करू नयेत, हे आगाऊ लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. शुद्धीत असलेल्या स्वतःने हरवलेल्या स्वतःसाठी लिहिलेले हे पत्रच होय. आम्ही तसेच एक साधे पत्र केंद्रासाठी लिहून दिले आहे. त्या सहकारी बाईंनी सांगितले की आम्ही त्या दिवशी काम थांबवावयाचे, वाद घालावयाचा नाही. त्यात एवढेच आहे.

ह्याची दुसरी बाजू संस्थांनी उचलावयाची आहे. थांबलेल्याची जागा राखून ठेवली, तरच कोणी वेळेवर थांबेल. आजार कबूल करणे म्हणजे पोटावर पाय येणे असेल, तर माणसे लपवतील, जसे आम्ही लपविले. अनुभव आहे म्हणून बोलवावयाचे आणि आजार आहे म्हणून अर्धाच मोबदला द्यावयाचा, ह्याला सेवाभाव म्हणता येत नाही. त्याच कायद्याने केंद्राच्या व राज्यांच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर आजार असलेल्या वा होऊन गेलेल्या व्यक्तींच्या प्रतिनिधींना जागा दिल्या आहेत. वरच्या मेजाशी ज्यांना खुर्ची मिळाली, त्यांना खालच्या व्हरांड्यात स्टूल मिळू नये, हे विचित्र होईल.

आणि बाईंचे काय? आमच्यापाशी मुलीला बसवावयाचे नाही, हा त्यांचा आणि त्यांच्या मुलीचा अधिकार होता. तो आम्हांला आजही मान्य आहे. ज्याची सेवा करावयाची, त्याला सेवक नाकारता आला पाहिजे. तीन आठवड्यांनी आम्ही परत आलो, तेव्हा त्या फाटकापाशी उभ्या होत्या. केंद्रात काही लपून राहत नाही.

"बरं नव्हतं म्हणे, दादा."

"नव्हतं, ताई. म्हणून घरी राहिलो."

त्या क्षणभर घुटमळल्या. "तुम्ही तरी सांगितलंत," त्या म्हणाल्या, "आमची सांगतच नाही. चार-चार दिवस झोपत नाही न् विचारलं की म्हणते, मी ठीक आहे. तिला जरा शिकवाल का, सांगायचं कसं ते?"

आम्ही शिकवू म्हणालो नाही. तिच्याशी बोलून पाहू, म्हणालो. तिची इच्छा असेल तर. पुढच्या सोमवारी मुलगी आपण होऊन आमच्या गटात येऊन बसली.

कात्रजच्या तलावातून अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी पुणे शहरासाठी पाणी नेले. जमिनीखालून दगडी बांधणीचा तो नळ शहरातील हौदांपर्यंत जाई. वाटेत ठिकठिकाणी वर उघडणारी धुराडी बांधलेली होती. आत कोंडलेली हवा तेथून बाहेर पडे आणि साचलेला गाळ तेथून काढता येई. जुने लोक त्यांना 'उच्छ्वास' म्हणत. सगळाच मार्ग बंद बांधला असता, तर हवा कोंडून पाणी मध्येच अडले असते. दुसऱ्याच्या तहानेसाठी ज्याने वाहावयाचे ठरविले आहे, त्याने आपले उच्छ्वास बुजवू नयेत, आणि त्याच्या शेजाऱ्यांनीही ते बुजवू देऊ नयेत. शुभार्थी आणि शुभंकर ह्या दोन खुर्च्यांपैकी आपली कोणती, हे ठरविण्याचा नाद आम्ही आता सोडला आहे. आमच्या केंद्रात मुळात सतरंजीच आहे. सगळे तिच्यावरच बसतात.